पाहुणा पुन्हा का येतो?

डहाणू, जव्हार, विक्रमगडच्या आपल्या पाड्यांवर आता सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या गाड्या येतात. कुणाला वारली चित्र शिकायचं असतं, कुणाला तारपा नाच पाहायचा असतो. बरेच जण फोटो काढून निघून जातात. थोडे मात्र पुन्हा येतात, मुलाबाळांना घेऊन येतात, घरच्या आजीची चौकशी करतात. असं का होतं, ते आज बघू.

अभ्यास करणारे लोक माणसाला जागेची जी ओढ लागते तिचे दोन पदर सांगतात. एक गरजेचा. मला हवं ते इथे मिळतं, धबधबा, थंड हवा, रानभाजी, म्हणून मी येतो. तसंच दुसरीकडे स्वस्तात मिळालं की हा पदर सुटतो. दुसरा ओळखीचा. ही जागा माझीही काही लागते, असं वाटणं. माहेरच्या विहिरीचं पाणी काही वेगळं नसतं, तरी तिथलं आपल्याला गोड लागतं ना, तसंच.

हा दुसरा पदर नुसतं बघून विणला जात नाही. पाहुण्याने वारली चित्र कपावर, साडीवर, पिशवीवर पाहिलेलं असतं. त्याला ती नक्षी वाटते. तुम्ही त्याला कुडाच्या भिंतीजवळ बसवता. शेणाने सारवून गेरू दिलेली भिंत, वाटीत तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक ठेचलेली बांबूची काडी. त्याची रेघ वाकडी जाते, मुलं हसतात. मग तुम्ही सांगता की हे मुळात लग्नघराचं काम. सवासिनींनी चौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसायची, धवलेरीने गाणी म्हणायची, आणि त्याशिवाय लग्न लागायचं नाही. तेव्हा त्याला कळतं की हातातली काडी साधी नाही.

१९७०च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदावर आणलं, जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण आहेच. पण चित्र बाजारात गेलं तसे चित्रकार म्हणून पुरुषच जास्त पुढे आले. बायकांच्या हातचं काम पैसा दिसला की कुणाच्या नावावर जातं, हे मी तुम्हाला काय सांगावं!

आता अवघड प्रश्न. पाहुणे पैसे देतात म्हणून लग्नाचा चौक कधीही लिहून दाखवायचा का? माझं मत, नाही. शेत, झाडं, नाच, शिकार, सगळं शिकवा. चौक लग्नासाठी ठेवा, आणि का ठेवला तेही सांगा.

यावर बायका म्हणतात, नाही म्हटलं तर पाहुणा रुसेल. म्हणून ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट सांगते. तिथे देशाच्या मधोमध उलुरू नावाचा प्रचंड तांबडा खडक आहे. तिथल्या अनंगू आदिवासींचं ते पवित्र ठिकाण. १९८५ साली सरकारने ती जमीन त्यांना परत दिली, तरी पर्यटक खडकावर चढतच होते. पायथ्याशी पाटी लागली, की ही आमची पवित्र जागा आहे, कृपया चढू नका. बंदी नव्हती, विनंती होती. कारण कळत गेलं तसे चढणारे घटले, पाचांत एकाहूनही कमी उरले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. तिथल्या काही जागा फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. तिथे फोटोही काढायचा नाही. लोक तरी येतात. एवढंच नाही, तर पूर्वी तिथून खडे उचलून नेलेली माणसं ते पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी. नकाराचं कारण मनापासून सांगितलं तर त्यातूनही ओढ लागते.

तुमच्या पाड्यावर बचत गट असेल तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. घरात कुठवर येऊ द्यायचं, फोटो कशाचा, चित्र शिकवायचे किती, जेवणाचे किती. दर गाडी येण्याआधी ठरलेला असावा, अंगणात घासाघीस नको. आणि विकलेल्या चित्राखाली जिने ते काढलं तिचं नाव असावं. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या.