अडलेल्या बाळंतिणीसाठी सातासमुद्रापार

नर्सिंगचे शिक्षण घेऊन प्रसूती वॉर्डात चार-पाच वर्षे काम केलेल्या आपल्या मुली आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. आफ्रिकेत बाळंतपणात आया दगावतात, बाळे दगावतात असे वाचतो. तिथे जाऊन काही महिने सेवा करता येईल का? येईल. पण नुसते 'जा' म्हणून आम्ही मोकळे होत नाही. आधी इथिओपियाची हकिगत सांगतो.

प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावल्या. म्हणजे दर दोन मिनिटांना एक. त्यांतल्या सुमारे ७० टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या. २०२२ मध्ये जन्मापासून २८ दिवसांच्या आत दगावलेली बाळे होती सुमारे २३ लाख. कारणे मात्र आपल्या ओळखीची आहेत : अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब व झटके, जंतुसंसर्ग आणि अडलेले बाळंतपण.

तीन वर्षांसाठी गेले, जन्मभर राहिले

१९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक जाहिरात आली. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबा येथे, प्रसाविकांची शाळा सुरू करण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ हवे होते. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॅथरीन हॅम्लिन आणि त्यांचे न्यूझीलंडचे पती डॉ. रेजिनाल्ड यांनी अर्ज केला. १९५९ मध्ये ते तीन वर्षांच्या करारावर तिथे पोहोचले.

तिथे त्यांना अशा स्त्रिया भेटल्या, ज्यांचा आजार त्यांनी तोवर फक्त पुस्तकात वाचला होता. बाई अडते, कळा तीन-तीन, चार-चार दिवस चालू राहतात आणि सीझर करायला जवळपास कोणी नसते. बाळाचे डोके आईच्या मूत्राशयाला हाडावर दाबून धरते. दबलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो सडतो आणि तिथे आरपार छिद्र पडते. यालाच फिस्टुला म्हणतात. बाळ बहुधा पोटातच गेलेले असते. आई वाचते, पण त्या दिवसापासून तिची लघवी थांबत नाही. अंगाला वास येतो. नवरा टाकतो, शेजारी जवळ बसू देत नाहीत, तिला वेगळ्या झोपडीत ठेवतात. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

हॅम्लिन दांपत्याने या शस्त्रक्रियेत हात बसवला आणि १९७४ मध्ये फक्त याच रुग्णांसाठी अदिस अबाबात रुग्णालय उभे केले. पुढे देशाच्या वेगवेगळ्या भागांत आणखी पाच रुग्णालये झाली. आजवर ६० हजारांहून अधिक स्त्रियांवर तिथे उपचार झाले आहेत. रेजिनाल्ड १९९३ मध्ये गेले. कॅथरीन २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी, अदिस अबाबातच वारल्या.

रुग्ण झाली सर्जन

पण आम्हाला या हकिगतीत सर्वांत मोलाची वाटते ती मामितू गाशे. खेड्यातली, शाळेचे तोंडही न पाहिलेली ही मुलगी १९६२ मध्ये फिस्टुलाची रुग्ण म्हणून आली. बरी होताना ती वॉर्डात खाटा आवरू लागली, मग शस्त्रक्रियागृहात हाताखाली उभी राहू लागली. हळूहळू टाके घालायला शिकली आणि पुढे स्वतः शस्त्रक्रिया करू लागली. बाहेरून येणाऱ्या पदवीधर डॉक्टरांना तिने ही शस्त्रक्रिया शिकवली. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन दांपत्याबरोबर तिचाही सुवर्णपदक देऊन गौरव केला.

बाहेरून आलेल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर इथे आहे. पाहुण्या डॉक्टरने शंभर शस्त्रक्रिया केल्या तर शंभर बायका बऱ्या होतील. त्याने तिथल्या एका बाईच्या हातात ती विद्या दिली, तर तो गेल्यावरही काम थांबत नाही.

जिच्यासाठी हॅम्लिन गेले, ती प्रसाविकांची शाळा मात्र सुरुवातीला फार काळ टिकली नाही. जवळजवळ ५० वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांच्या संस्थेने प्रसाविकांचे महाविद्यालय काढले. खेड्यापाड्यांतल्या मुलींना तिथे चार वर्षे शिकवून पुन्हा त्यांच्याच भागात कामाला पाठवतात. कारण छिद्र शिवण्यापेक्षा ते पडूच न देणे महत्त्वाचे. बाई अडली आहे हे वेळीच ओळखणारी प्रसाविका जवळ असली आणि सीझरची सोय गाठता आली, तर फिस्टुला होत नाही.

सरकारनेही २००३ पासून गावोगावी आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या, त्याही स्त्रिया आणि त्याही स्थानिक. राष्ट्रीय पाहणीनुसार २०१६ मध्ये इथिओपियात १०० पैकी २६ बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९ मध्ये हे प्रमाण ४८ वर गेले. एवढा फरक पाहुण्या स्वयंसेवकांनी पडत नसतो. तो तिथल्याच बायकांनी पाडला. आपण त्यांना हात द्यायचा.

जायचेच असेल तर

पहिली गोष्ट, हात पक्का हवा. नवशिक्यांना कोणतीही चांगली संस्था पाठवत नाही; साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. पैसे भरून दोन आठवड्यांसाठी नेणाऱ्या आणि विद्यार्थ्यांना बाळंतपणे करू देणाऱ्या सहलींपासून दूर राहा. जे काम इथे करायची आपल्याला परवानगी नाही, ते तिथल्या गरीब बाईवर करून शिकणे ही सेवा नाही. तिचे शरीर सरावासाठी नाही.

दुसरी गोष्ट, त्या देशाची नोंदणी आणि परवाना घ्या. भाषेचे निदान पन्नास शब्द शिका. 'दुखतंय का?' आणि 'घाबरू नका' एवढे तरी तिच्या भाषेत म्हणता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट, शिकवता येईल असे काहीतरी घेऊन जा. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला पुसून, चोळून, गरज पडल्यास पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कने श्वास देणे हे त्याचे उत्तम उदाहरण. टांझानियातील आठ रुग्णालयांत प्रसाविकांना बाहुलीवर हे शिकवले, तेव्हा पहिल्या २४ तासांतले बाळांचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. महागडे यंत्र नेले आणि ते बिघडले, तर कोपऱ्यात धूळ खात पडते. शिकलेला हात धूळ खात नाही.

चौथी गोष्ट, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. वेदनेत पडलेल्या आईचा फोटो आपल्या मोबाइलच्या स्टेटसवर कशासाठी?

तीन उशीर

ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठीही यात शिकण्यासारखे आहे. आई दगावते ती बहुतेक वेळा तीन उशिरांमुळे. दवाखान्यात न्यायचे हे ठरवायला उशीर, तिथे पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. इथिओपियाच्या डोंगरात हे होते आणि आपल्या मेळघाटातही होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिराशी शासनाकडे मागणी करून झगडावे लागेल. पहिला मात्र घरात होतो. 'सासूबाई येऊ देत, मग ठरवू' यात जे तास जातात, ते आपण वाचवू शकतो.

म्हणून आमच्या त्या नर्स भगिनींना आम्ही एवढेच सांगतो. जा, जरूर जा. पण परत याल तेव्हा किती बाळंतपणे केली ते आम्ही विचारणार नाही. तुमच्यामागे ते काम करणारी किती जणी तयार झाल्या, ते विचारू.