कोठडीतील मृत्यूचा हिशेब

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी मृत्युप्रकरणी पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्यानंतर चारच दिवसांनी मीरा रोड येथे मराठीच्या प्रश्नावर निघणाऱ्या मोर्चाला परवानगी नाकारली गेली, पहाटेपासून कार्यकर्त्यांची धरपकड झाली, आणि तरीही लोक रस्त्यावर आले. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि मीरा रोडला ज्यांना ताब्यात घेतले ते घरी परतले. परभणीत अटक झालेला पस्तीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी परतला नाही. निदर्शनाचा हक्क कागदावर कितीही निःसंदिग्ध असो, गजाआड गेलेला माणूस सुखरूप बाहेर येईल अशी खात्री नसेल, तर त्या हक्काला कितीसा अर्थ उरतो?

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि अटकसत्र सुरू झाले. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. शासनाने मात्र विधिमंडळात मारहाणीचा इन्कार केला. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा नोंदला जावा यासाठी मृताच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले, आणि त्या आदेशाविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला ते अपील फेटाळण्यात आले. गुन्ह्याची नोंद म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे खरे. पण साध्या नोंदीसाठी साडेसात महिने झगडावे लागते, यातच व्यवस्थेचे स्वरूप कळून येते.

परभणीनेच हा अनुभव पूर्वी घेतला आहे. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणी डिसेंबर २००२ मध्ये पकडलेला ख्वाजा युनूस हा तरुण अभियंता मूळचा तिथलाच. प्रवासात वाहनाला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. चौकशीत चौदा पोलिसांची नावे पुढे आली. शासनाने खटल्यास परवानगी दिली ती चौघांपुरती. २०१२ मध्ये न्यायालयाने त्याच्या आईला वीस लाख रुपये भरपाई देवविली. घटनेला वीस वर्षे उलटली, तेव्हाही खटला निकालाप्रत आलेला नव्हता.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे याहून बोलके आहेत. २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात कोठडीतील १८८८ मृत्यू नोंदले गेले. त्यांत ८९३ गुन्हे दाखल झाले, ३५८ जणांवर आरोपपत्रे ठेवली गेली आणि शिक्षा झाली ती २६ पोलिसांना.

हे असे का घडते? पोलीस म्हणजे क्रूर माणसे, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरेही. अर्थशास्त्रात 'बाह्य व्यय' नावाची एक कल्पना आहे. कारखानदार घाण पाणी खाडीत सोडतो, कारण त्याची किंमत कोळी मोजतो, कारखानदार नव्हे. कोठडीतील मारहाणीचेही तसेच आहे. झटपट कबुलीजबाबाचे श्रेय अधिकाऱ्याच्या पदरात पडते. जीव जातो तो आरोपीचा, आणि भरपाई भरतो सरकारी खजिना, म्हणजे तुम्ही-आम्ही. कर्त्याला आपल्या कृत्याची किंमत मोजावी लागत नाही, तेथे ते कृत्य थांबण्याचे कारणच उरत नाही.

वस्तुतः उपाय अज्ञात नाहीत. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. शिवाय भरपाईची रक्कम दोषी व्यक्तीकडून वसूल करण्याचा शासनाचा हक्कही मान्य केला. २००६ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा, तर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश झाला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार खटल्याच्या परवानगीवर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाली असे धरले जाते. हे स्वागतार्हच होय. पण दंडाधिकाऱ्यांच्या अहवालानंतर पुढे काय व्हावे, याविषयी ही संहिता मौन पाळते. अहवालात ठपका येताच गुन्हा आपोआप नोंदला जावा, तपास त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे नसावा, आणि दोष सिद्ध झाल्यावर भरपाई दोषींच्या वेतनातून व निवृत्तिवेतनातून वसूल व्हावी, एवढी तरतूद तरी करावयास हवी.

यामुळे पोलिसांचे मनोधैर्य खचेल, असा आक्षेप घेतला जातो. पोलिसांवर कामाचा ताण असह्य आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या मनोधैर्याला टिकून राहण्यासाठी शिक्षेपासून अभय लागते, त्याला मनोधैर्य कसे म्हणावे? कायद्याने वागणाऱ्या शेकडो पोलिसांच्या नावाला बट्टा लागतो तो जाब विचारल्यामुळे नव्हे, जाब न विचारल्यामुळे. मोर्चे निघतील, त्यांतले काही चुकीचेही असतील, आणि अटकाही होतील. अटक केलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी मात्र अटक करणाऱ्याचीच असली पाहिजे, मग तो मोर्चा आपल्या पक्षाचा असो वा विरुद्ध पक्षाचा.