छुप्या कॅमेऱ्याच्या आधी आणि नंतर

छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्यं टीव्हीवर पाहताना आपल्याला वाटतं, कुणीतरी बटणाएवढा कॅमेरा लावून आत शिरलं आणि काम झालं. शिरणं हा त्यातला लहान भाग. बीबीसीचा ‘पॅनोरामा’ हा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम ११ नोव्हेंबर १९५३ पासून चालू आहे. त्याच्याच एका भागावरून हे काम पायरीपायरीने पाहू.

सुरुवात खबरीपासून होते. ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय होतं. बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं तिथे राहत. तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने रुग्णांच्या छळाबद्दल आधी व्यवस्थापनाकडे तक्रार केली, मग सरकारी नियामक संस्थेकडे. कुणी ढिम्म हललं नाही, तेव्हा तो ‘पॅनोरामा’कडे आला.

पण नुसत्या खबरीवर कॅमेरा निघत नाही. आधी प्रथमदर्शनी पुरावा लागतो, म्हणजे ‘इथे काहीतरी गैर चाललंय’ असं मानायला पुरेसा आधार. ‘जाऊन तर बघू, सापडेल काहीतरी’ हे ब्रिटनच्या नियमांत बसत नाही. नवख्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं.

मग परवानगी, आणि तीही दोनदा: एकदा चित्रण करण्यासाठी, पुन्हा एकदा ते दाखवण्यासाठी. दुसरी कशाला, असं आपल्याला वाटेल. कारण कॅमेरा निवड करत नाही. गुन्ह्याबरोबर एखाद्या रुग्णाची उघडी पाठही त्यात येते.

आता प्रत्यक्ष आत. बातमीदार जो केसी देखभाल सहाय्यक म्हणून नोकरीला लागला आणि पाच आठवडे राहिला. रुग्णांना मारणं, केस ओढणं, एका तरुणीला अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली धरणं, हे सगळं त्याच्यासमोर घडलं. अशा वेळी मध्ये पडावं, तर बिंग फुटतं. गप्प राहावं, तर समोरच्या माणसाला मार बसतो. यावर सरळ उत्तर कुणाकडे आहे असं मला वाटत नाही.

चित्रण हाती आलं की ते तपासायचं, आणि इथे पाय घसरतो. २००८ मध्ये ‘पॅनोरामा’ने प्रायमार्क या स्वस्त कपड्यांच्या कंपनीवर भाग केला. त्यात बेंगळुरूच्या एका कारखान्यात मुलगे कपड्यांची शिलाई तपासताना दिसत होते. कंपनीने पिच्छा सोडला नाही. तीन वर्षांनी बीबीसीच्या विश्वस्त मंडळाने मूळ फुटेज पाहिलं, सुयांचा आकारसुद्धा पाहिला. तेवढा प्रसंग बहुधा खरा नव्हता, असा निष्कर्ष निघाला. भागात इतर भक्कम पुरावा होता, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या सुया.

शेवटची पायरी म्हणजे उत्तराची संधी. ज्यांच्यावर आरोप आहेत, त्यांना ते आधी कळवून बाजू मांडायला पुरेसा वेळ द्यायचा. आदल्या रात्री फोन केला, तर ती संधी नव्हे.

विंटरबोर्न व्ह्यूचा भाग ३१ मे २०११ रोजी दाखवला गेला. जूनमध्येच रुग्णालय बंद झालं. पुढच्या वर्षी ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले.

दुसऱ्यांची कागदपत्रं तपासणाऱ्यांनी स्वतःची तपासली नाहीत, असंही घडलं आहे. १९९५ ची राजकुमारी डायनाची मुलाखत ‘पॅनोरामा’चे बातमीदार मार्टिन बशीर यांनी मिळवली, ती तिच्या भावाला बनावट बँक-कागद दाखवून. ते कागद ज्या ग्राफिक डिझायनरकडून करून घेतले होते, त्यानेच वरिष्ठांना सावध केलं. १९९६ च्या अंतर्गत चौकशीने बशीर यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. डिझायनरचं बीबीसीतलं काम मात्र सुटलं. मे २०२१ मध्ये माजी न्यायाधीश लॉर्ड डायसन यांचा या मुलाखतीबद्दलचा चौकशी अहवाल आला, आणि त्याच दिवशी ‘पॅनोरामा’ने या प्रकरणावर स्वतःचाच एक भाग दाखवला.