हरणाऱ्यांची बाजू

१९७९च्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ बेंड इन द रिव्हर’ होती. पुरस्कार मात्र गेला पेनेलपी फिट्झजेराल्ड यांच्या ‘ऑफशोअर’ला. कादंबरी जेमतेम दीडशे पानांची, लेखिका बासष्ट वर्षांची. लंडनच्या साहित्यवर्तुळाने नाकं मुरडली. बीबीसीच्या पुस्तकविषयक कार्यक्रमात तर बाई समोर बसलेल्या असतानाच पुरस्कार भलत्या पुस्तकाला गेल्याची चर्चा रंगली.

बाई काही आडरानातून आल्या नव्हत्या. वडील ई. व्ही. नॉक्स हे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादक, काका डिलविन शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्यात वाकबगार, स्वतः ऑक्सफर्डच्या पहिल्या वर्गातल्या पदवीधर. पण युद्धानंतर घराची घडी विस्कटली. नवरा दारूच्या आहारी गेला, चेकवर खोट्या सह्या केल्या म्हणून त्याची वकिली गेली. थेम्स नदीतल्या एका जुनाट बार्जवर संसार थाटला, तर १९६३मध्ये तेही बुडालं. शिकवण्या करून बाईंनी घर ओढलं. पहिलं पुस्तक, चित्रकार बर्न-जोन्स यांचं चरित्र, आलं तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या.

म्हणूनच त्यांच्या कादंबऱ्यांत हरणाऱ्यांना दया मिळत नाही, आदर मिळतो. ‘द बुकशॉप’मधली विधवा फ्लॉरेन्स ग्रीन १९५९मध्ये समुद्रकाठच्या एका गावात ओल धरलेल्या जुन्या घरात पुस्तकांचं दुकान काढते, ‘लोलिता’च्या अडीचशे प्रती मागवते. गावातल्या वजनदार बाईंना तिथे कलाकेंद्र हवं असतं. त्या ओळखीपाळखी वापरून कायदाच वळवून घेतात. फ्लॉरेन्स हरते, आणि लेखिका शेवटी तिच्या पदरात समाधानाचा तुकडाही टाकत नाही.

‘नेटकी, मिश्कील, छोटेखानी’ हे शिक्के समीक्षकांनी फार लवकर मारले. पानं कमी म्हणजे आवाका कमी, असा हा सरळ हिशेब. नंतरच्या कादंबऱ्यांनी तो उधळून लावला. त्या फ्लॉरेन्स शहरात, १९१३च्या मॉस्कोत, पहिल्या महायुद्धाआधीच्या केंब्रिजमध्ये घडतात. अभ्यास प्रचंड, पण तो मिरवलेला कुठेच नाही.

‘द ब्लू फ्लॉवर’ (१९९५) जर्मन कवी नोव्हालिसच्या तरुणपणावर आहे. सुरुवात कवितेने नाही, धुण्याने होते. पाहुणा म्हणून आलेला मित्र अंगणात पाहतो, तर वरच्या खिडक्यांतून चादरी, उशांचे अभ्रे, सदरे धबाधबा खाली पडताहेत. त्याच्या आईकडे वर्षातून तीनदा धुणं निघतं, म्हणून त्याच्याकडे एकोणनव्वद सदरे; या घरात वर्षातून एकदाच निघतं, म्हणजे कपड्यांचा साठा केवढा असेल! अठराव्या शतकातल्या जर्मन घराण्याची आर्थिक स्थिती, शिस्त, गोंधळ, सगळं एका परिच्छेदात. इतिहासाची टिपणं कादंबरीत ओतणाऱ्यांनी (आपल्याकडेही असे पुष्कळ आहेत) हे पान जरूर वाचावं.

या पुस्तकाला बुकरच्या अंतिम यादीत जागा मिळाली नाही. वर्षअखेरीच्या वृत्तपत्री निवडींत मात्र ते पुन्हा पुन्हा झळकलं. मग अमेरिकेतल्या समीक्षकसंघाने आपला पुरस्कार परदेशी लेखकांना खुला केला आणि १९९७ सालासाठीचा मान ‘द ब्लू फ्लॉवर’ला दिला. स्पर्धेत फिलिप रॉथ यांची ‘अमेरिकन पॅस्टोरल’ आणि डॉन डेलिलो यांची आठशेवर पानांची ‘अंडरवर्ल्ड’ होती. तेव्हा बाई ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. २००० साली त्या वारल्या. हर्मायनी ली यांनी लिहिलेलं चरित्र २०१३मध्ये आलं.

‘द ब्लू फ्लॉवर’वर एक आक्षेप घेता येतो: बावीस वर्षांचा प्रज्ञावंत नोव्हालिस बारा वर्षांच्या सोफीवर पंधरा मिनिटांत जीव टाकतो, तो का? सोफी खळखळून हसते, पत्रं धड लिहू शकत नाही, पुस्तकात रमत नाही. पंधरावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले आणि ती क्षयाने गेली. त्याआधी तिच्यावर भूल न देता शस्त्रक्रिया झाल्या. बाई तिला देवी करत नाहीत की बावळट ठरवत नाहीत. नोव्हालिसचे भाऊही प्रथम चक्रावतात आणि मग एकेक करून तिच्याकडे ओढले जातात. कारण त्यांनाही सांगता येत नाही. माझ्या मते कादंबरीचं खरं बळ या न दिलेल्या उत्तरात आहे.