जळगाव जामोदची भाषा बर्लिनच्या संग्रहात का आहे?

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते. पाण्याला निहाल लोक ‘जोप्पो’ म्हणतात. शेजारचे कोरकू म्हणतात ‘डा’. चारासाठीचा ‘नालो’ मात्र द्राविडी वळणाचा, आणि पाचापासूनचे आकडे आपल्याकडचेच. डच अभ्यासक कुइपर यांनी १९६२ साली असे उसने शब्द बाजूला काढले, तरी जवळपास चौथा हिस्सा उरला, ज्याचं नातं कुठेच लागेना. म्हणून निहाली एकाकी भाषा मानली जाते.

बोलणारे अंदाजे दोन-अडीच हजार. जनगणनेच्या तक्त्यांत दहा हजारांखालच्या भाषा वेगळ्या दाखवत नाहीत. स्वतःची लिपीही नाही. उरतं ते ध्वनिमुद्रण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना शैलेंद्र मोहन यांनी केलेलं निहालीचं दस्तावेजीकरण ‘एलार’ या संग्रहात आहे. लंडनमध्ये सुरू झालेला हा संग्रह २०२१ साली बर्लिनला गेला. अशा ठिकाणी नुसता आवाज ठेवून भागत नाही. कोण बोलतंय, कुठे, कशाबद्दल, ही नोंद नसेल तर पन्नास वर्षांनी ती फीत म्हणजे निव्वळ गोंगाट. कोणी काय ऐकावं, हेही बोलणाऱ्यांच्या संमतीवर ठरतं. संग्रह पाहायला पैसे पडत नाहीत. त्याची पानं मात्र इंग्रजीत आहेत, आणि निहाल घरांत इंग्रजी वाचणारे थोडेच.