तांबडीचे बाळंतपण



उसाची तोड संपली, कोप्या मोडल्या आणि तोडकरी मंडळी आपापल्या मुलुखाला निघाली, की आमच्या जुन्नर भागात दरवर्षी दोन-चार कुत्री मागे राहतात. त्या मंडळींना नावे ठेवू नका. एका ट्रकात बायकापोरे, भांडीकुंडी आणि बैलही चढवायचे, तिथे कुत्र्याला जागा कुठली? गेल्या एप्रिलात अशीच एक तांबड्या रंगाची कुत्री आमच्या कडब्याच्या गंजीखाली येऊन राहिली. हात वर केला की ती जमिनीला चिकटायची. नुसता खांद्यावरचा पंचा झटकला तरी पळायची. कुणीतरी तिला काठीने भरपूर मारले असावे.

थोरले बंधू म्हणाले, "अरे, ही ब्याद हाकल. उद्या पोराबाळांना चावेल." त्यांचे अगदीच चूक नव्हते. पण हाकलली असती तर ती उसात शिरली असती, आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या असतो. कुत्रे हे त्याचे सोपे भक्ष्य.

महिन्याभरात तिचे सड गुलाबी होऊन भरलेले दिसू लागले, पोटही उतरले. म्हणजे ती गाभण होती. आता मी कृषी पदवीधर माणूस. माझा विषय पीकपाणी. पशुसंवर्धन शिकलो ते गाईम्हशींपुरते. म्हणून आमच्या गावच्या पशुवैद्यकांना बोलावून आणले. गर्भ असतानाही शस्त्रक्रिया करून कुत्रीला मोकळे करता येते, हे त्यांनी सांगितले. पण दिवस पुढे गेलेले, आणि तिला धरायचे म्हणजे जाळे टाकावे लागणार. त्या धसक्यानेच तिचे काही बरेवाईट व्हायचे. शेवटी व्यालेली बरी, असे ठरले. तुमच्या दारी अशी कुत्री लवकर ध्यानात आली, तर हा पहिला मार्ग पशुवैद्यकांना जरूर विचारा.

कुत्रीचे दिवस साधारण ६३ असतात, चार-पाच इकडे तिकडे. त्यातले निम्मे आमच्या हाती उरले होते, आणि ते सगळे तिची भीती घालवण्यात गेले. त्याची युक्ती काही मोठी नाही. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकाच माणसाने अन्न ठेवायचे आणि पाच हात दूर, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून बसायचे. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. चुचकारत मागे लागायचे नाही. हे काम आमच्या घरातून केले, मला तेवढा धीर नाही. सतराव्या की अठराव्या दिवशी ती त्यांच्या हातून भाकरीचा तुकडा घेऊन गेली.

शेवटच्या तीन आठवड्यांत पोटातली पिल्ले झपाट्याने वाढतात, पण पोट दाबल्यामुळे कुत्रीला एका वेळी फार खाववत नाही. म्हणून थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. भाकरी डाळीच्या पाण्यात कुस्करून, त्यात उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेले कोंबडीचे मांस. कालवणाचे उरलेसुरले मात्र घालू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याचे रक्त बिघडवतात, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही.

शेजारच्या एकाने मोठ्या प्रेमाने गाईचे कॅल्शियम आणून दिले. ते मी परत केले. गाय व्याल्यावर दुग्धज्वराने कशी बसते ते तुम्ही पाहिले आहे. आटलेल्या काळात गाईला जास्त कॅल्शियम चारले, तर तिचे शरीर हाडांतले कॅल्शियम काढायची सवयच विसरते आणि ऐन वेळी घात होतो. कुत्रीचेही तसेच आहे. गाभणपणी बाहेरून भरलेले कॅल्शियम पुढे अंगाशी येते.

आता जागेविषयी. इथे आमची चूक झाली, ती सांगतो. आम्ही पडवीत छान कोपरा केला आणि तिला दोरीने ओढून तिथे नेले. तिने दीड दिवस अन्नाला तोंड लावले नाही आणि संधी मिळताच गंजीखाली पळाली. मग शहाणपण सुचले. गंजीला लागून असलेल्या कडब्याच्या खोपटातच जुन्या गव्हाणीच्या फळ्यांचा चौकोन केला. ती पाय पसरून निजू शकेल एवढा लांब, आणि पुढची फळी वीतभर उंच, म्हणजे तिला सहज ओलांडता यावी. आतून भिंतीला लागून चार बोटे अंतरावर बांबू बांधला, म्हणजे आई भिंतीला टेकली तरी मधे सापडलेले पिल्लू चेंगरत नाही. खाली स्वच्छ तागाचे पोते, वर जुने सुती लुगडे. खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या गोण्या कितीही धुतल्या तरी अंथरू नका. गोचीड मारायला म्हणून पिकावरचे औषध गाभण कुत्रीच्या अंगाला चोळणारेही मी पाहिले आहेत. बाबांनो, ते विष आहे. ती अंग चाटते, पिल्ले तिचे सड चोखतात. बिबट्याच्या भीतीने खोपटाला रात्री कडी लागेल असे दार केले. ती जागा तिने स्वतः निवडली, कारण तिथे तिचाच वास होता.

मेच्या अखेरीस एका दुपारी तिने अन्न सोडले, अंथरूण उकरू लागली, धापा टाकू लागली. कुत्रीच्या अंगाची उष्णता एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. विण्याच्या आधी साधारण दिवसभर ती ९९ च्या खाली उतरते. ज्यांची कुत्री शांत आहे त्यांनी थर्मामीटर लावून पाहावे. आम्ही लावला नाही. तेवढ्यासाठी तिचा विश्वास मोडायचा नव्हता.

आणि त्याच रात्री वळीव आला. विजा, पत्र्यांचा आवाज. साडेदहाच्या सुमारास पहिले पिल्लू झाले. ही बातमी वस्तीवर कशी पोचली कोण जाणे, पण पावसातही सात-आठ जण बॅटऱ्या घेऊन खोपटाच्या दाराशी हजर! तिने कळा देणे थांबवले. उठून कोपऱ्यात उभी राहिली, थरथरू लागली. तास गेला, सव्वा तास गेला. हे नीट समजून घ्या: भ्यालेल्या मादीच्या कळा बंद पडतात. रानात शत्रू दिसला तर विणे थांबवून पळता यावे, अशी ही निसर्गाची सोय आहे. पण गोठ्यात ती जिवावर बेतते. बंधूंनी सगळ्यांना घरी पिटाळले, कंदील बाहेर ठेवला, आत फक्त आमच्या घरातून बसल्या, त्याही पाठमोऱ्या. पाऊण तासाने दुसरे पिल्लू आले.

तिसरे आले ते निपचित. तिने आवरण फाडले नाही. तेव्हा हात घालावाच लागला. आवरण तोंडावरून काढले, बोटाला कापड गुंडाळून तोंडातला चिकटा पुसला, डोके किंचित खाली धरून खरबरीत पंचाने पाठ आणि छाती चोळत राहिले. दोन मिनिटे असतील, पण फार लांबली. मग ते च्यॅं करून ओरडले. कुणी पिल्लाला पाय धरून गरगर फिरवतात, तसे करू नये. मेंदूला इजा होते. नाळ तिने तोडली नाही, म्हणून पोटापासून बोटभर अंतरावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून उकळलेल्या कात्रीने कापली आणि टोकाला आयोडिन लावले. चौथे मेलेलेच आले. पाचवे पहाटे चारला. प्रत्येकामागे वार पडते, ती कुत्री खाते. खाऊ द्यावी, पण किती पडल्या ते मोजावे.

दोन पिल्लांमध्ये अर्धा-एक तास जातोच. ती शांत पडून असेल तर दोन तासही चालतात. मात्र अर्धा तास जोराच्या कळा येऊन पिल्लू दिसत नसेल, दोन तास उलटूनही पुढचे पिल्लू नसेल, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव आला, तर पशुवैद्यकांना गाठा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी दूरध्वनी करता येतो, पण रात्री-अपरात्री पथक येईलच असे धरून चालू नका. जवळच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. म्हशीला पान्ह्यासाठी टोचतात ते इंजेक्शन कुणी सुचवील. मुळीच टोचू नका! पिल्लू अडलेले असेल तर पिशवी फाटते.

पहिल्या दिवशीचा चीक प्रत्येक पिल्लाच्या पोटात गेला पाहिजे. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. वळवाच्या गारठ्यात आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. आईला दूध नसेल तर नुसते गाईचे दूध पाजून भागत नाही, कुत्रीच्या दुधात त्याच्या दुपटीने स्निग्धांश असतो. तराजूत रोज वजन करा. दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवे.

आईला आता दुपटीहून जास्त खायला लागते. दोन-चार आठवड्यांत ती अस्वस्थ झाली, पाय ताठरले, अंग थरथरू लागले, तर तो कुत्रीचा दुग्धज्वर समजा. पिल्ले बाजूला करून ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. उद्यावर ढकलले तर कुत्री हाती लागत नाही. घाण वासाचा स्राव किंवा ताप आला तरीही तसेच.

व्यालेली भित्री कुत्री चावू शकते. आमच्या पुतण्याला तिने नुसते दात दाखवले, पण चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवून लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्यावी. हळद-चुना भरू नये.

जंत आईच्या पोटातूनच पिल्लांत उतरतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध पाजले, आईलाही. तीन महिन्यांवर रेबीजची लस. आठ आठवड्यांच्या आत एकही पिल्लू दिले नाही, जरी मागणारे विसाव्या दिवसापासून येत होते. नरांना गिऱ्हाईक मिळते. माद्यांचे काय होते ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. पोते, आणि गावाबाहेरचा पूल. जनावर उपाशी मरेल असे टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पुलावर कोण पाहतो?

आमच्या चारांत दोन माद्या होत्या. एक बंधूंच्या मळ्यावर गेली, त्यांनी स्वतःहून मागितली. दुसरी इथेच आहे. तांबडीचे दूध आटल्यावर तिची शस्त्रक्रिया करून घेतली. तोवर ती आमच्या घरच्यांच्या हाताने गाडीत चढू लागली होती. धाकटीची सहा महिन्यांची झाल्यावर करायची आहे. पंचा झटकला की तांबडी अजूनही दचकते, पण आता गंजीपर्यंत पळत नाही, ओसरीच्या पायरीशी थांबते.