जुना ट्रॅक्टर ऑइल पितोय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी उपटली की उन्हाळी नांगरटी सुरू होते. कोरड्या रानात धूळ उडते, इंजिनवर लोड येतो आणि जुन्या ट्रॅक्टरचे ऑइल झपाट्याने उतरते. ऐन हंगामात इंजिन खोलले तर पैसेही जातात आणि कामाचे दिवसही. म्हणून ऑइल नेमके जाते कुठे, ते आधी शोधा.

मोजणी : ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहा. किती तासांत किती ऑइल टाकले, ते वहीत लिहा.

गळती : इंजिन स्वच्छ पुसून ट्रॅक्टर चालवा. सील, पॅकिंग, फिल्टरजवळ ओल दिसते का, ते पाहा.

धूर : सुरू करताना निळा धूर येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा सीलवर संशय घ्या. लोडवर सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून जोराचा वाफारा असेल, तर बहुधा पिस्टन रिंग व लायनर झिजले आहेत.

धूळ : एअर क्लीनर व त्याचा रबरी पाइप तपासा. पाइप फाटका राहिला, तर नव्या रिंगाही लवकर झिजतात.

जाड ऑइलने काही दिवस निभावते. झीज भरून निघत नाही. उलट डिपस्टिकवर पातळी वाढली, तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळत असू शकते. अशा वेळी ट्रॅक्टर चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.